थोरांची ओळख : डॉ. ल्युसी विल्स



सरकारी योजनेत शाळेतील मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. गरोदर स्त्रियांना तर ती रोज घ्यायची असते. यातील लोह सर्वांच्या परिचयाचे आहे. पण फॉलिक ॲसिडच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांच्या परिश्रमातून ही सुरुवात झाली, त्या डॉ. ल्युसी विल्स यांचा परिचय या अंकात करून देत आहे.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचे अध्ययन केले. त्या काळी तिथे मुलींना परीक्षा देता येई, पदवी मात्र मिळत नसे. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे काही काळ रुग्णसेवा केल्यावर त्यांनी लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गरोदर स्त्रियांमध्ये त्या वेळी एक गंभीर रक्तक्षय आढळत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मोठ्या होत. कित्येक माता यात दगावत. कारण मात्र निश्चित ठाऊक नव्हते.

विल्स बाई सूक्ष्मदर्शकापाशीच बसून राहिल्या नाहीत. वेगवेगळ्या धर्मांच्या व आर्थिक स्थितीच्या स्त्रिया काय खातात, कशा राहतात, याची माहिती त्यांनी जमवली आणि ती रोगाच्या नोंदींशी ताडून पाहिली. तेव्हा लक्षात आले की ज्या गरीब स्त्रियांच्या जेवणात प्रथिने, फळे व भाज्या फार कमी होत्या, त्यांच्यातच हा रोग अधिक होता. रोग रक्तात दिसत होता, पण त्याचे मूळ ताटात होते.

पुढे त्यांनी उंदीर व माकडांवर प्रयोग केले. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क, जो इंग्लंडमध्ये मार्माइट नावाने पावाला लावून खातात, तो रुग्ण स्त्रियांना देऊन पाहिला. स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. कलिजाचा अर्क महाग होता, हा स्वस्त होता. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील त्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' हे नाव पडले.

१९४१ साली अमेरिकेत चार टन पालकापासून हा घटक वेगळा करण्यात आला आणि लॅटिनमधील 'पान' या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. १९४५ साली तो प्रयोगशाळेत तयार झाला. त्या कामामागे आपलेच भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. विल्स बाईंचे निधन १६ एप्रिल १९६४ रोजी झाले.

पालकांनाही एक विनंती. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्यप्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यातही तपासणी आणि तिची नोंद हाच पाया आहे. दवाखान्यात खाण्यापिण्याबद्दल किंवा घराण्यातील आजाराबद्दल विचारले, तर संकोच न करता खरे सांगावे. मुंबईच्या त्या अनाम स्त्रियांनी आपल्या जेवणाची माहिती दिली, म्हणून पुढच्या पिढ्यांतील असंख्य मातांचे प्राण वाचले. विल्स बाईंबरोबर त्यांचेही ऋण आपल्यावर आहे.

— प्राचार्य