चार आठवड्यांचे चार महिने

हर्मन मेलव्हिल म्हटले की आपल्याकडच्या इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला पांढरा देवमासा आठवतो, आणि एक पाय गमावून बसलेला, सूडाने पेटलेला तो कप्तान. ‘मोबी डिक’ निम्म्यावर सोडून दिलेली माणसेही पुष्कळ भेटतात. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पुस्तक तसे अवघडच आहे. पण मेलव्हिल हयात होता तोवर, म्हणजे १८९१ पर्यंत, लोक त्याला ओळखत ते या पुस्तकामुळे नव्हे. ते ओळखत होते फायावेमुळे. फायावे ही पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरची निळ्या डोळ्यांची तरुणी, त्याच्या ‘टायपी’ या पहिल्याच पुस्तकाची नायिका. हिरवीगार दरी, न पेरता मिळणारे अन्न, जहाजावरून पळालेला गोरा खलाशी आणि त्याच्यावर जीव टाकणारी बेटावरची मुलगी, हा साचा पुढे किती कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी वापरला याला गणती नाही. इंग्रजीत तो रुळवला तो या माणसाने, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याची किंमत मात्र तो पुढची पंचेचाळीस वर्षे मोजत राहिला.

मेलव्हिलचा जन्म १ ऑगस्ट १८१९ चा, न्यूयॉर्कमधला. वडील फ्रान्सहून उंची माल मागवून विकणारे व्यापारी. घराणे दोन्ही बाजूंनी नामांकित; आईचे वडील अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले गाजलेले सेनानी. पण वडिलांचा धंदा बुडाला आणि १८३२ च्या जानेवारीत, कर्जात आणि भ्रमात, ते गेले. मागे विधवा आणि आठ मुले. त्याच वर्षी, तेरावे पुरे होण्याच्या सुमारास, हर्मनला ऑल्बनीच्या न्यूयॉर्क स्टेट बँकेत कारकून म्हणून चिकटवून दिले गेले. मामा तिथे संचालक होता. पगार वर्षाला १५० डॉलर. मी स्वतः आयुष्यभर बँकेत खर्डेघाशी केली, म्हणून या तपशिलापाशी जरा थबकतो. दुसऱ्यांचे पैसे मोजत बसलेल्या मुलाच्या घरी स्वतःचे पैसे नसणे, ही गोष्ट त्या मुलाला पुष्कळ काही शिकवते. पुढे काकाच्या शेतावर काम, भावाच्या फरच्या दुकानात हिशेब, शाळामास्तरकी, असे सगळे करून झाले. १८३९ साली तो एका मालवाहू जहाजावर पोऱ्या म्हणून लिव्हरपूलला जाऊन आला, आणि ३ जानेवारी १८४१ ला फेअरहेवन बंदरातून ‘अकुशनेट’ या देवमाशांच्या शिकारीच्या नव्याकोऱ्या जहाजावर निघाला.

या जहाजांवर पगार नसे. मोहिमेच्या शेवटी तेलाची विक्री होई आणि प्रत्येकाला ठरलेला वाटा मिळे. मेलव्हिलचा वाटा होता एकशेपंचाहत्तरावा. निघताना ८४ डॉलर उचल दिली होती. परत यायला तीन-चार वर्षे लागणार, तेल मिळाले तर पैसे, नाही तर उचल अंगावर. आपल्याकडच्या वेठबिगारीशी याचे नाते दूरचे नाही. दीड वर्ष काढल्यावर, १८४२ च्या जून महिन्यात जहाज मार्केसस बेटांपैकी नुकुहिवाच्या खाडीत शिरले. तिथे फ्रेंच आरमार नांगर टाकून उभे होते. ॲडमिरल द्यु पेती-तुआर याने ही बेटे नुकतीच फ्रान्सच्या खात्यात जमा केली होती. हे दृश्य पक्के लक्षात ठेवावे, कारण मेलव्हिलने ते ठेवले होते.

९ जुलैला किनाऱ्यावर जायची मुभा मिळाली तेव्हा मेलव्हिल आणि त्याचा सोबती रिचर्ड टोबायस ग्रीन, म्हणजे टोबी, डोंगरात पळाले. पावसात, कड्यांवरून, घळींतून ते पाच-सहा दिवस भटकले. शेजारच्या मित्र टोळीच्या दरीत उतरायचे होते, ते उतरले टायपी लोकांच्या दरीत. हे लोक नरभक्षक म्हणून सगळ्या बेटावर बदनाम. मेलव्हिलचा पाय सुजून निकामी झालेला. टोबी मदत आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. टायपींनी पाहुण्याला खाऊपिऊ घातले, सेवेला माणूस दिला, खांद्यावरून आंघोळीला नेले. फक्त जाऊ दिले नाही. ९ ऑगस्टला त्याचे नाव ‘लूसी अ‍ॅन’ या ऑस्ट्रेलियन जहाजाच्या पटावर लागले. म्हणजे पलायनापासून सुटकेपर्यंत सारा मुक्काम जेमतेम एक महिन्याचा.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्या जहाजावर खलाशांनी काम नाकारले, ताहितीत कैद झाली, तिथूनही तो निसटला. आणखी एक जहाज, होनोलुलूत चिल्लर नोकऱ्या, मग अमेरिकन युद्धनौकेवर शिपाईगिरी. १८४४ च्या ऑक्टोबरात तो बॉस्टनला उतरला. खिशात काही नव्हते. तोंडात गोष्टी होत्या. घरच्यांनी ऐकल्या, म्हणाले, लिहून काढ.

त्याने लिहिले, आणि लिहिताना एका महिन्याचे चार महिने केले. पुस्तकाच्या इंग्रजी नावातच चार महिन्यांचा मुक्काम छापला गेला. पायाने अधू झालेल्या माणसाला महिन्याभरात दरीचे रीतिरिवाज, सण, देव, स्वयंपाक हे सगळे कसे समजले, असे कोणी विचारू नये म्हणून ही मुदतवाढ. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग त्याने आधीच्या प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या पुस्तकांतून उचलला होता. फायावेचा गाजलेला प्रसंग एका सरोवरावरचा. बायकांनी होडीत पाय ठेवणे त्या समाजात निषिद्ध. नायक खटपट करून तिच्यापुरती सूट मिळवतो, आणि मग ती होडीत उभी राहून अंगावरचे वस्त्र सोडते व वाऱ्यावर शिडासारखे धरते. प्रसंग देखणा आहे, एवढेच की टायपीच्या दरीत सरोवर नाही.

कादंबरीकार म्हणून मला यात फसवणूक दिसत नाही. सरोवर हवे होते, त्याने खणले. आम्ही सगळेच खणतो. अडचण एवढीच की हे पुस्तक कादंबरी म्हणून विकले जात नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्पर कंपनीने हे खरे असणे शक्य नाही म्हणून ते परत केले होते. लंडनच्या जॉन मरे यांनी घेतले, तेही खरे असल्याची ग्वाही मिळाल्यावरच, कारण त्यांच्या मालिकेत कल्पित कथांना जागा नव्हती. १८४६ च्या सुरुवातीला पुस्तक लंडनला आणि पाठोपाठ न्यूयॉर्कला निघाले, आणि गाजले. हॉथॉर्नने आणि व्हिटमनने त्याची स्तुती केली. शंकेखोरही उठले. तेवढ्यात जुलै महिन्यात बफेलो शहरातून पाट्या रंगवणारा एक तरुण वर्तमानपत्रातून पुढे आला: तो टोबी होता, जिवंत होता, आणि मित्राची हकिकत खरी असल्याचे सांगत होता. दोघांची भेट झाली, त्याची कहाणी पुस्तकाला जोडली गेली. पुढे टोबीने आपल्या मुलाचे नावच हर्मन मेलव्हिल ठेवले.

याच महिन्यांत जे घडले ते मला सरोवरापेक्षा महत्त्वाचे वाटते. ‘टायपी’त प्रेमकथेच्या बरोबरीने दुसरेही काही होते. होनोलुलूत एका मिशनऱ्याच्या पत्नीची गाडी बैलांऐवजी बेटावरचे दोन माणूस ओढताना त्याने दाखवले होते. १८१३ साली अमेरिकन कप्तान पोर्टरने टायपींची गावे जाळली, याची आठवण होती. रानटी कोण, खाणारा की तोफा डागणारा, असा प्रश्न त्याने सरळ विचारला होता. धार्मिक नियतकालिके खवळली. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने कात्री मागितली, आणि मेलव्हिलने ती दिली. मिशनऱ्यांवरची टीका गेली, हवाईच्या राजकारणावरची पुरवणी गेली, जहाजावरच्या रंगेलपणाचीही काही वाक्ये गेली. ही पाने कथेच्या ओघात आडवीच येत होती, अशी मखलाशी त्याने मरे यांच्याकडे केली. त्यांच्या आवृत्तीत मजकूर बव्हंशी तसाच राहिला. अमेरिकेच्या वाचकाला मिळाली सुधारून वाढवलेली म्हणवणारी आवृत्ती. म्हणजे जे त्याने डोळ्यांनी पाहिले होते त्यातले बरेचसे बाहेर गेले, आणि नसलेल्या सरोवरावरची होडी सुखरूप राहिली.

बाजाराने काय मागितले हे त्याला तेव्हाच कळले असावे. १८४७ साली ताहितीच्या अनुभवांवर ‘ओमू’ आले, तेही खपले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या मुख्य न्यायाधीशांची मुलगी एलिझाबेथ शॉ हिच्याशी लग्न झाले. मग त्याच्यातला लेखक हट्टाला पेटला. १८४९ च्या ‘मार्डी’त, खरी हकिकत खोटी ठरवता ना, मग घ्या उघडउघड कल्पित, अशा पवित्र्याने तो उतरला. सुरुवात बेटांची, मध्ये एक गूढ तरुणी, आणि मग शेकडो पाने तत्त्वचर्चा. वाचक पळाले. संसार चालवायला त्याच उन्हाळ्यात त्याने दोन समुद्रकथा हातासरशी लिहून काढल्या, ‘रेडबर्न’ आणि ‘व्हाइट जॅकेट’. स्वतः त्यांना तो मजुरीच समजे. त्या आजही वाचनीय आहेत. लेखकाच्या मताला किती किंमत द्यायची याचा हा नमुना.

१८५१ च्या ‘मोबी डिक’चे हिशेब मांडले तर पोटात कालवते. ते लिहीत असताना हार्परने आणखी उचल नाकारली, कारण जुनीच सुमारे ७०० डॉलर थकली होती. त्याने एका परिचिताकडून २,०५० डॉलर ९ टक्क्यांनी घेतले आणि पुढे व्याजही भरू शकला नाही. सासऱ्यांनी सावरले, शेताचा अर्धा भाग विकावा लागला. आणि ‘मोबी डिक’ त्याच्या हयातीत अमेरिकेत तीन हजारांच्या आसपास प्रती खपले. मिळकत साडेपाचशे डॉलरच्या थोडी वर. हॉथॉर्नला लिहिताना त्याला भीती वाटत होती ती विसरले जाण्याची नव्हे, नरभक्षकांत राहून आलेला माणूस एवढीच ओळख मागे उरण्याची.

१८५७ नंतर कादंबरी छापणे थांबले. व्याख्यानांचे दौरे केले. १८५८-५९ च्या हंगामात दक्षिण समुद्र हा विषय घेतला तेव्हा लोक फायावेची गोष्ट ऐकायला आले होते. ती त्याने सांगितली नाही. त्या बेटांना बाहेरच्यांनी त्यांच्या वाटेने राहू द्यावे, हे मात्र सांगितले. मिशनरी-टीका मानधनापेक्षा महत्त्वाची वाटण्याइतका तो आता मोकळा झाला होता, किंवा गमावण्यासारखे काही उरले नव्हते.

१८६६ च्या डिसेंबरात तो न्यूयॉर्क बंदरात जकातीचा इन्स्पेक्टर झाला. रोज ४ डॉलर, आठवड्याचे सहा दिवस, एकोणीस वर्षे. खाते लाचखोरीसाठी कुप्रसिद्ध; त्याच्यावर मात्र बोट ठेवता आले नाही. बराच काळ तो हडसन नदीकाठच्या ज्या धक्क्यावर जाई, तिथल्या रस्त्याला त्याच्या आईच्या वडिलांचे, गॅन्सव्होर्ट हे नाव होते. हे नाव कोणाचे, असे त्याने एकदा शेजारच्या हॉटेलात विचारले तेव्हा कोणाला नीट सांगता आले नाही. १८६७ साली थोरला मुलगा स्वतःच्या पिस्तुलाच्या गोळीने गेला. धाकटा १८८६ साली दूर सॅन फ्रान्सिस्कोत. संध्याकाळी तो कविता लिहीत असे. शेवटचे दोन संग्रह प्रत्येकी पंचवीस प्रतींचे. त्यातल्या पहिल्यात, १८८८ च्या, जुन्या सोबत्याला उद्देशून एक कविता आहे. ती बेटे आता हौशी प्रवाशांची झाली, याबद्दलची.

२८ सप्टेंबर १८९१ ला तो वारला. न्यूयॉर्क टाइम्सच्या एका मजकुरात त्याचे नावही चुकीचे छापले गेले, हर्मनचे हायरम. वर्षभरात ‘टायपी’ पुन्हा बाजारात आले.

१८८८ साली स्टीव्हन्सन नुकुहिवाला गेला तेव्हा देवी आणि क्षय यांनी बेट पोखरले होते. १९०७ साली जॅक लंडन आपल्या ‘स्नार्क’ शिडाच्या बोटीने तिथे पोचला. लहानपणी ‘टायपी’ वाचून त्याने ही दरी पाहायची असे ठरवले होते. मेलव्हिलच्या अंदाजाने जिथे दोन हजारांची वस्ती होती, तिथे घोड्यावरून रान तुडवत गेल्यावर त्याला डझनभर माणसे भेटली. त्यातली बहुतेक कुष्ठरोग, हत्तीरोग आणि क्षयाने ग्रासलेली होती.