नागरिकशास्त्राचा तास आणि पंडित माधवराव सप्रे

शाळेच्या वेळापत्रकात नागरिकशास्त्र हा विषय इतिहास-भूगोलाच्या मागे अंग चोरून उभा असतो. थोड्या गुणांचा, म्हणून थोड्या अभ्यासाचा. याच रायपुरात एका मराठी गृहस्थाने मात्र त्याला वेगळा तास न देता साऱ्या शिक्षणात मुरवण्याचा खटाटोप केला. बुढापाऱ्यातील सप्रे शाळेवरून आपल्यापैकी बहुतेकांचे जाणे-येणे असते. ज्यांचे नाव त्या शाळेला आहे, त्या पंडित माधवराव सप्रे यांचे स्मरण या हीरक महोत्सवी ग्रंथात उचित ठरावे.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी, बालपणीचे शिक्षण बिलासपुरास, पुढचे रायपूरच्या सरकारी शाळेत. येथेच नंदलाल दुबे या शिक्षकांमुळे त्यांना हिंदीची गोडी लागली. १८९९ साली ते कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले. त्या काळी एवढ्या शिक्षणावर सरकारी अधिकाराची खुर्ची सहज मिळे. ती न स्वीकारता त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवण्याचे काम पत्करले आणि जानेवारी १९०० मध्ये तेथूनच 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. ज्या मातीत राहतो तिथल्या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलावे, हा या मंडळींचा निर्णय आजही विचार करण्याजोगा आहे. त्यासाठी त्यांना मराठी सोडावी लागली नाही. उलट मराठीतील धन ओंजळीने हिंदीत नेण्याचे काम माधवरावांनी जन्मभर केले.

मासिक तीन वर्षे चालले आणि पैशांअभावी बंद पडले. त्यातच १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा आली. हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते. जमीनदार एका अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. नातीसाठी चूल घालायला म्हणून ती तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलू लागण्याची त्यालाच विनंती करते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचे ओझे न पेलणाऱ्याने साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे वाहावे, हा तिचा प्रश्न त्याला लाजवतो आणि झोपडी तिला परत मिळते. हक्क, सत्ता आणि अन्याय यांवरचा इतका नेमका धडा एखाद्या जाड पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण.

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या विज्ञानकोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम त्यांनी केले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मला ते फार मोलाचे वाटते. कर, भांडवल, व्यापार यांना आपल्या भाषेत शब्दच नसतील, तर प्रजेने सरकारला हिशेब विचारावा कोणत्या तोंडाने? स्वदेशी आणि बहिष्कार यांवरचे त्यांचे पुस्तक याच विचारसरणीतून आले. ते पुढे सरकारने जप्त केले.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरात त्यांनी 'हिंदी केसरी' काढला आणि टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचवले. २२ ऑगस्ट १९०८ रोजी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. थोरल्या बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे ते वाकले आणि त्यांनी माफीपत्रावर सही केली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली, पण मन सुटले नाही. गौरवपर लेखांत हा प्रसंग घाईने उरकण्याची रीत आहे. ती योग्य नव्हे, कारण त्यांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा येथेच होतो. लोकांनी पाठ फिरवली. स्वतःचे स्वतःला तोंड दाखवणे त्याहून अवघड झाले. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रामदासी पंथाच्या सहवासात राहिले, मधुकरी मागून जेवले. 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला. १९१५ साली 'गीतारहस्य' मराठीत निघाले, तेव्हा त्याचा हिंदी अनुवादही त्यांच्याच हातून झाला. ज्या टिळकांच्या पत्रामुळे तुरुंग आणि माफी दोन्ही वाट्याला आली, त्यांचाच ग्रंथ त्यांनी पुन्हा खांद्यावर घेतला.

रायपुरात १९१२च्या सुमारास त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. मुलींना शाळेत धाडणे हेच तेव्हा अनेक घरांत वादाचे होते. मग डिसेंबर १९२०च्या नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव केला. सरकारी शाळांवर बहिष्कार म्हटल्यावर बाहेर पडलेल्या मुलांनी जायचे कोठे? देशभर राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांत रायपूरचे राष्ट्रीय विद्यालयही होते. माधवराव त्याच्या संस्थापकांपैकी. जुने सोबती वामनराव लाखे यांनी याच आंदोलनात आपला 'रायसाहेब' हा किताब सोडला.

अशा शाळांना सरकारी अनुदान नव्हते, मान्यता नव्हती आणि पुढे नोकरीची हमी तर नव्हतीच. मुलाला तेथे घालणे म्हणजे आईबापांनी त्याचे भवितव्य पणाला लावणे. शिक्षण देशी भाषेत, पुस्तकांच्या जोडीला चरखा आणि हातकाम, इतिहास आपल्या बाजूने सांगितलेला. गणितापासून सूतकताईपर्यंत सारे काही हा देश आपला आहे आणि त्याचे बरेवाईट आपल्या माथी आहे, एवढ्याचसाठी. आंदोलन ओसरल्यावर देशातील अशा अनेक शाळांचे बळ कमी झाले. पालकांना दोष देणे सोपे आहे, पण परीक्षा आणि पोट यांची काळजी त्यांनाही होतीच. आजच्या पालकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठीभाषकाकडे आले. प्रकृती तोवर खालावली होती. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, माधवरावांचे निधन झाले.