नामदार गोखले आणि १२ रुपयांचा मास्तर

१८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा थोरल्या गोविंदरावांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शालेय शिक्षण याच आधारावर पार पडले. हिशेबाची जाण आणि पै-पैची किंमत त्यांना येथूनच कळली असावी.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेले गोखले १८८४ मध्ये पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपये पगारावर शिक्षक म्हणून लागले. त्यानंतर ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ७५ रुपये वेतनावर अध्यापन केले. १९०२ मध्ये ३० रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन ते बाहेर पडले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांमध्ये दीर्घकाळ चालले. मात्र पदवीधराने ध्येयासाठी पत्करलेले अल्प वेतन वेगळे आणि खेड्यातल्या मास्तराच्या नशिबी आलेले वेगळे. त्याच्यापुढे दुसरा पर्याय क्वचितच असे. गावच्या टपालाचे काम सांभाळून चार पैसे जोडणारे मास्तर तेव्हा सर्वत्र दिसत.

१९१० मध्ये गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात असे शिक्षण सुरू केले होते. त्यामुळे हे अशक्य आहे, असे सरकारला म्हणता येत नव्हते. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक सादर केले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती लागू करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, अशी त्यातील मागणी सौम्यच होती. महिन्याला १० रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकांना फी माफ होती. अनेक प्रांतांत अप्रशिक्षित मास्तरांचा पगार याहूनही कमी होता. म्हणजे फीमाफीच्या यादीत शिकवणाराही बसला असता.

खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने उचलावा, ही गोखल्यांची अपेक्षा होती. या खर्चात मोठा वाटा पगाराचाच असणार, हे उघड होते. विरोधकांचा आक्षेपही तेथेच होता. प्रशिक्षित शिक्षक नाहीत आणि पैसाही नाही, असे ते सांगत. त्यावर आधी निरक्षरता हटवावी, शिक्षणाचा दर्जा नंतर सुधारता येईल, अशी गोखल्यांची भूमिका होती. साक्षरतेच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु मास्तरांच्या दृष्टीने पाहता, अपुऱ्या तयारीच्या आणि स्वस्त शिक्षकावर काम भागवण्याची वाटही त्यातून मोकळी होत होती. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

या निर्णयाचा अर्थ बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात काय होता? १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलडाणा जिल्ह्यात आले. खामगाव, मलकापूरला सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले होते. लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणाला आडतदाराकडची कारकुनी खुणावत असणार. मेहकर, चिखलीकडील आडवळणाच्या गावात जाऊन तुटपुंज्या पगारावर चार वर्गांची मुले एका खोलीत सांभाळायला कोण राहणार? सरकारी वाट्याची हमी नसताना, चांगला माणूस टिकवण्याइतका पगार देणे स्थानिक मंडळाच्या तिजोरीला कठीणच होते.

विधेयक पडले तरी सरकारला गप्प बसता आले नाही. २१ फेब्रुवारी १९१३ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये मिळावेत, त्याला श्रेणीबद्ध सेवेत घ्यावे, निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधीचा लाभ द्यावा आणि एका शिक्षकाकडे पन्नासहून अधिक मुले नसावीत, असे नमूद झाले. नेमकी १२ रुपयांचीच किमान मागणी जोतिराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती, आणि मोठ्या गावांसाठी त्यांनी १५ ते २० रुपये सुचवले होते. दरम्यान ३१ वर्षे उलटली होती, तरी सरकार जेमतेम त्या किमान आकड्यापर्यंतच पोहोचले होते. शिवाय ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो न पाळणाऱ्या मंडळाला जाब विचारण्याचा मार्ग त्यात नव्हता.

मधुमेहाने खंगलेल्या गोखल्यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात निधन झाले. तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी १९१८ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० मध्ये आला. सक्ती करायची की नाही, हे ठरवणे त्यातही स्थानिक संस्थांवरच सोडलेले होते.