पहाटेचा वनस्पतिशास्त्रज्ञ

पावसाळा लागला की कोकणात विहिरीच्या दगडांतून, पडक्या भिंतींच्या सांदीतून नेचे डोकावू लागतात. झालरीसारखी सुंदर पाने, पण ना फूल, ना फळ, ना बी. मग याचा वंश चालतो कसा? पानाच्या पाठीमागच्या तपकिरी ठिपक्यांतून बारीक भुकटी गळते आणि त्यातून पुढे नेचा होतो, एवढे आधीच ठाऊक होते. मधली गोष्ट मात्र बराच काळ अंधारात होती. ती सगळी जुळवून सांगितली ती १८५१ साली, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातील एका सत्तावीस वर्षांच्या दुकानदाराने. त्याचे नाव विल्हेल्म हॉफमाइस्टर.

त्याचा जन्म १८ मे १८२४ चा. वडिलांचा धंदा संगीताची पुस्तके छापण्याचा आणि विकण्याचा. वडिलांना झाडाझुडपांचाही नाद होता. वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह घरातच होता, तेव्हा मुलाला गोडी लागली ती तिथूनच. पंधराव्या वर्षी विल्हेल्मची शाळा सुटली. हॅम्बुर्गला एका संगीताच्या दुकानात दोन वर्षे उमेदवारी करून १८४१ मध्ये तो घरच्या दुकानात रुजू झाला. कॉलेजची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही.

दिवसभर दुकान, पत्रव्यवहार, हिशेब. मग अभ्यास कधी? पहाटे चार ते सहा. नोकरी सांभाळून लेखन करणाऱ्या आमच्यासारख्यांना या दोन तासांची किंमत वेगळी सांगायला नको! तो कमालीचा ऱ्हस्वदृष्टी होता. लांबचे दिसत नसे, पण डोळ्यांजवळ धरलेली वस्तू फार बारकाईने दिसे. निसर्गाने दिलेले हे उणेपण त्याने कामाला लावले. हाताने पातळ काप काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, दिसेल तेवढेच रेखाटायचे.

त्या काळी श्लायडेन या नामांकित प्राध्यापकाचे मत होते की, रोपाचा गर्भ परागनलिकेच्या टोकातूनच तयार होतो. बीजांड म्हणजे त्याला मिळालेली नुसती जागा. हॉफमाइस्टरने एकेका वनस्पतीत पाहून दाखवले की, गर्भ होतो तो बीजांडातल्या अंडपेशीपासून, परागनलिका येऊन भिडल्यानंतर. १८४९ साली त्याचे हे पुस्तक आले. पुढे १८५१ मध्ये रोस्टोकच्या विद्यापीठाने या दुकानदाराला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

त्याच वर्षी त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. नेच्याची भुकटी ओल्या मातीत पडली की तिच्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी हृदयाच्या आकाराचे, काही मिलिमीटरचे हिरवे पान उगवते. त्याच्या खालच्या अंगाला अंडपेशी असतात आणि शुक्राणूही. हे शुक्राणू १८४४ मध्ये नेगेलीने पाहिले होते, तर त्यांचे काम १८४८ मध्ये लेश्चिच-सुमिन्स्की या पोलिश सरदाराने सांगितले होते. स्क्रूसारखे वळलेले हे जीव अंगावरच्या बारीक केसांनी वल्ही मारत, पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपाशी जातात. त्या मीलनातून उगवतो तो आपल्याला दिसणारा नेचा.

म्हणजे एका पिढीचे रूप एक, पुढच्या पिढीचे दुसरे. हॉफमाइस्टरचे मोठेपण असे की, हाच क्रम त्याला मॉस आणि नेचे यांच्यात तर दिसलाच, पण बदलत्या, आक्रसत्या रूपात सूचिपर्णी वृक्षांतही दिसला. अगदी वेगळी भासणारी ही झाडे एकाच कुळातली निघाली. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ यायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता.

त्याच्या कामाचा एक धागा नंतर जपानमध्ये सापडला. हॉफमाइस्टरला वाटत होते की, काही बीजधारी वृक्षांतही पोहणारे शुक्राणू असावेत. १८९६ मध्ये तोक्योत हिरासे साकुगोरो याने ते गिंको वृक्षात पाहिले. हिरासे विद्यापीठात आला होता तो चित्रकार म्हणून. पदवी त्याच्याकडेही नव्हती.

त्या वळवळणाऱ्या केसांचे पुढे काय झाले? आयरीन मँटन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तर नेच्याच्या प्रत्येक केसात अकरा तंतू निघाले. नऊ कडेने आणि दोन मध्ये. हीच मांडणी माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीत आणि आपल्या श्वासनलिकेतल्या केसांतही असते. हे केस हलतात ते डायनीन नावाच्या प्रथिनामुळे. १९६५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. तंतूंना एकमेकांवर सरकवून ते केसाला वाकवते. केस वाढतो टोकाकडून, म्हणून कायनेसिन नावाचे दुसरे प्रथिन हमालासारखे टोकापर्यंत सामान वाहते. परतीची खेप डायनीनच्या एका भावाकडे असते. नेच्याच्या इतर पेशींत या केसांची मुळेच नसतात. शुक्राणू घडताना पेशी एक गोळा नव्याने तयार करते आणि त्यातून केसांची मुळे बनतात. फुलझाडांनी मात्र पोहणेच सोडले. त्यांच्या शुक्रपेशींना परागनलिका पोहोचवते, त्यामुळे डायनीनचे जनुकही त्यांच्यातून नाहीसे झाले.

१८६३ मध्ये हॉफमाइस्टरला हायडेलबर्गला प्राध्यापकपद मिळाले, १८७२ मध्ये तो ट्युबिंगेनला गेला. कधीही विद्यार्थी नसलेला माणूस विद्यार्थ्यांना शिकवू लागला. घरात मात्र सुख टिकले नाही. १८७० मध्ये पत्नी गेली, आणि अनेक मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली. प्रकृती खचली, हातातले काम सुटले. १२ जानेवारी १८७७ रोजी लाइपझिगजवळच्या लिंडेनाऊ इथे त्याने देह ठेवला. वय अवघे बावन्न.

त्याचे लिखाण आटोपशीर आणि अवघड. त्यामुळे सामान्य वाचकांत त्याचे नाव डार्विनसारखे कधी झाले नाही. पण वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही शालेय पुस्तकात नेच्याच्या जीवनचक्राची ती गोल आकृती असतेच. मुले ती परीक्षेसाठी पाठ करतात. ती पहिल्यांदा पूर्ण झाली होती दुकान उघडण्यापूर्वीच्या दोन तासांत.