शेतीचा प्रश्न, बाबासाहेब आणि आकुर्डीची जमीन

बाबासाहेबांचे नाव घेतले की संविधान, चवदार तळे आणि दीक्षाभूमी डोळ्यांपुढे येते. शेती येत नाही. प्रस्थापितांनी शेतीचे जाणकार म्हणून इतरांचे पुतळे उभे केले आणि या देशाच्या शेतीवर मूलभूत विचार मांडणारा अर्थशास्त्रज्ञ मात्र केवळ दलितांचा पुढारी म्हणून एका चौकटीत बसवला. खेदाची गोष्ट ही की, ती चौकट आपणही मान्य केली.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव लष्करातील सुभेदाराचे पुत्र. घरात जमीनदारी नव्हती. गावगाड्यात महाराच्या वाट्याला वतन म्हणून जमिनीचा तुकडा यायचा आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला. 1917 साली परतल्यावर बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळाली नाही. नोकरी सोडून ते मुंबईला आले आणि पुढच्याच वर्षी, 1918 साली, भारतातील लहान शेतजमिनी व त्यावरील उपाय हा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय होते 27 वर्षे.

त्या काळी जमिनीच्या तुकड्यांची मोठी चर्चा होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या शेजारच्याच पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून 1917 साली ती प्रसिद्ध केली होती. त्या गावात 1771 साली सरासरी 40 एकर असलेली खातेदाराची जमीन 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली होती. सरकारी पंडितांचा उपाय सोपा होता: तुकडे जोडा, शेत मोठे करा. बाबासाहेबांनी वेगळा प्रश्न विचारला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीवर किती भांडवल, किती अवजारे, किती बैल आणि किती माणसे आहेत यावर ते ठरते. भांडवल नसेल तर मोठे शेतही तोट्याचेच. खरा रोग म्हणजे जमिनीवर पडलेला रिकाम्या हातांचा भार. तो हलका करायचा तर या हातांना उद्योगधंद्यात काम मिळाले पाहिजे. उद्योगीकरण हे शेतीचेच औषध आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा विचार त्यांनी कागदावर ठेवला नाही. 1927 साली मुंबई कायदेमंडळात लहान जमिनींविषयीचे विधेयक आले तेव्हा त्यांनी विरोध केला. लहान शेतकऱ्याला जमिनीवरून उठवून भूमिहीन करणारी सुधारणा त्यांना नको होती. सहकारी शेतीचा मार्ग त्यांनी सुचवला. 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 साली कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. त्या मोर्चात कुणबी होते, महार होते, आगरी होते. खोती कायद्याने गेली ती 1949 साली. बाबासाहेब एका जातीचे पुढारी होते असे म्हणणाऱ्यांनी हा मोर्चा आठवावा.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही कामे त्याच खात्याकडे होती. दामोदर खोरे योजनेची आखणी, महानदीवरील हिराकूडची पूर्वतयारी, 1944 चे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, 1945 चा केंद्रीय जलमार्ग व पाटबंधारे आयोग हे सारे त्या काळातले. आजचा केंद्रीय जल आयोग त्याच आयोगाचा वारस आहे. 1942 सालीच त्यांनी सरकारपुढे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी ठेवली होती. नुसत्या कलाशाखेच्या आणि वकिलीच्या पदव्यांनी समाज वर येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

1947 साली त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात पुढचे पाऊल टाकले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन राज्याच्या मालकीची असावी, जातपात न पाहता गावकऱ्यांनी ती सामुदायिक पद्धतीने कसावी. पाणी, बी-बियाणे, खते, अवजारे राज्याने पुरवावीत. मूलभूत उद्योगही राज्याकडेच असावेत.

आता आकुर्डीकडे पाहा. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ते देहूरोड हे आकुर्डीच्या पुढचे रेल्वे स्टेशन. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या पट्ट्यातील शेतांवर कारखाने उभे राहिले. 1918 च्या निबंधातला उपाय जणू इथे अमलात आला. मराठवाड्यातून, विदर्भातून, विशेषतः 1972 च्या दुष्काळात, आपली माणसे आली, झोपडपट्टीत राहिली आणि यंत्रावर उभी राहिली. गावकीच्या कामातून अनेक घरे सुटली, हे आम्ही नाकारत नाही.

पण उपाय अर्धाच झाला. जमीन गेली तेव्हा मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. त्याच शेतात पिढ्यानपिढ्या राबलेल्या भूमिहीन मजुराचे नाव कुठल्या कागदावर होते? दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964-65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच प्रश्नासाठी. पुढे 2007 साली आकुर्डीच्या मोठ्या कारखान्यातले वाहन उत्पादन थांबले. कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार येत गेला. खाजगी उद्योगात आरक्षण नाही. म्हणजे जमिनीवरचा रिकामा हात आता कंत्राटदाराच्या दारात उभा आहे. बाबासाहेबांचे 1918 चे औषध घेतले आणि 1947 चे पथ्य टाकून दिले, त्याचा हा परिणाम आहे.

6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. जयंतीला आपण डीजेवर लाखो रुपये उधळतो. त्यातले थोडे पैसे बाजूला काढून वस्तीतल्या मुलामुलींना कृषी अभियांत्रिकी, जलसिंचन, मृदाशास्त्र शिकवले तर? धरणाचे पाणी कुणाला आणि जमीन कुणाला, हे ठरवणाऱ्या टेबलाच्या त्या बाजूला आपली माणसे बसली पाहिजेत. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांचा पहिला आणि दहावा खंड प्रत्येक विहारात असावा, आणि तो कपाटात बंद नसावा. शेतीतज्ज्ञ बाबासाहेब समजून घेणे हेही आंबेडकरी चळवळीचेच काम आहे.

जय भीम!