अकरा ग्रॅमची गोळी

जिम कॉर्बेट मराठी वाचकाला घरच्या माणसासारखा ओळखीचा आहे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने १९२६ साली .२७५ बोअरच्या रिग्बी रायफलने टिपला, हेही शिकारकथांच्या शौकिनांना ठाऊक असते. बिबट्याला ती रायफल पुष्कळ झाली. पण त्याच बोअरच्या रायफलने एका स्कॉट माणसाने आफ्रिकेत शेकड्यांनी हत्ती लोळवले, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ती शिकाऱ्याची थाप वाटली होती. त्या माणसाचे नाव वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल. शिकाऱ्यांच्या दुनियेत तो ‘कारामोजो बेल’.

बेल १८८० साली एडिंबरोजवळ जन्मला. आईबाप लहानपणीच गेले, शाळेत मन रमले नाही, आणि पोरवयातच तो जहाजावर पळाला. पुढे युगांडा रेल्वेच्या कामावरील माणसांना सिंहांपासून वाचवण्याची नोकरी त्याला मिळाली. (तिथले बहुतेक मजूर आपल्याकडचेच, पंजाबातले.) त्याच्याजवळ एकेक काडतूस भरायची .३०३ रायफल होती. ती उन्हाने तापली की बार झाल्यावर रिकामे काडतूस नळीतून निघेचना! काडतुसाच्या बाबतीत बेल जन्मभर इतका चिकित्सक राहिला, त्याचे मूळ मला इथे दिसते.

मग क्लोंडाइकची सोन्याची धाव, बोअर युद्ध, कैद आणि सुटका. त्या प्रत्येकाचे वेगळे पुस्तक होईल. आपल्याला जायचे आहे ते १९०२ नंतरच्या ईशान्य युगांडातल्या कारामोजात. तिथे तो हस्तिदंतासाठी गेला होता.

हत्ती मोठा, म्हणून गोळीही मोठी, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. .५७७ बोअरची दुनळी रायफल सहा किलोच्या आसपास भरे. तिची गोळी जवळजवळ ४८ ग्रॅमची, आणि दणका असा की खांदा दुसऱ्या बाराला कचरावा. बेलने ७ मिलिमीटरची माउझर निवडली. रिग्बीचे .२७५ ते हेच. तिची गोळी जेमतेम ११ ग्रॅम, पण लांबट, बोथट टोकाची आणि भरीव: आत शिसे, वर धातूचे अखंड कवच. वाघ-सिंहासाठी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली मऊ गोळी बरी, कारण ती अंगात शिरताच फुलते. हत्तीच्या कवटीत तेच घातक. ती कवटी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ्यांनी भरलेली असते आणि मेंदू खोल मागे, कानांच्या मध्ये असतो. फुललेली गोळी वाटेतच अडकते. अणकुचीदार गोळी आत कलंडून भलतीकडे जाते. लांबट भरीव गोळी मात्र सरळ रेषा सोडत नाही.

ही रेषा नेमकी कुठून धरायची, ते कळावे म्हणून बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून पाहिली. सगळी मेख इथे आहे. मेंदू चुकला तर ४८ ग्रॅमचीही हमी नाही. साधला तर ११ ग्रॅम पुरेत, असे त्याचे म्हणणे. शिवाय छोट्या काडतुसाचा आवाज कमी आणि मेंदूत गोळी लागलेला हत्ती जागच्या जागी बसतो, त्यामुळे बाकीचा कळप उधळत नाही.

६.५ मिलिमीटरची हलकी मानलिखर त्याला फार आवडे, पण तिच्या काडतुसांनी दगा दिला. .३१८ चीही तीच रड. जर्मन बनावटीच्या ७ मिलिमीटरच्या काडतुसाने मात्र त्याला कधी फसवले नाही. बोअरपेक्षा काडतुसाचा भरवसा मोठा, हे आज बंदुकीच्या दुकानात तावातावाने वाद घालणाऱ्यांच्या गावीही नसते.

त्याने एकूण १,०११ हत्ती मारले, बहुतेक सगळे नर. हा आकडा मला सुखाने वाचवत नाही. पूर्व आफ्रिकेच्या हस्तिदंताचे बिलियर्डचे चेंडू झाले, पियानोच्या पट्ट्या झाल्या, आणि तो माल आपल्या मुंबई बंदरातही उतरत होता. बेलचे हत्ती तडफडले नाहीत, हे खरे. पण ज्या कौशल्याने त्यांचे मरण सोपे केले, त्यानेच ते इतके स्वस्तही केले. आणि त्याची बारीक गोळी तेवढी उचलून, कवटीचा अभ्यास न करता जे रानात शिरले, त्यांचे जखमी हत्ती कुठे कुठे जाऊन मेले असतील? पुढे अनेक आफ्रिकी देशांनी मोठ्या जनावरांसाठी .३७५ पेक्षा लहान बोअरला कायद्यानेच मनाई केली.

एकेका नर हत्तीमागे सरासरी ७३ मैल, म्हणजे जवळपास ११७ किलोमीटर पायपीट झाल्याचा हिशेब बेलने मांडून ठेवला आहे. पहिल्या महायुद्धात तो विमान चालवायला शिकला. नंतर स्कॉटलंडच्या डोंगरात घर केले आणि तिथली हरणे त्याहूनही बारीक, .२२० बोअरच्या गोळीने मारू लागला. स्वतःच्या पुस्तकांतली हत्तींची चित्रे त्यानेच काढली. १९५४ साली त्या घरीच तो वारला.