डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांची शिदोरी

मनुष्य लांबच्या गावी जावयास निघाला म्हणजे घरची माणसे त्यास शिदोरी बांधून देतात. ती वाटेत करिता येत नाही. घरी चूल पेटलेली असते तेव्हाच ती करावी लागते. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. आफ्रिकेत सिंहाने त्यांचा हात कसा फोडिला, तेथील मोठा धबधबा त्यांनी कसा पाहिला, ह्या गोष्टी रविवारच्या शाळेतील मुलेही सांगतात. परंतु जहाजावर पाय ठेवण्यापूर्वी त्यांनी सतरा वर्षे शिदोरी बांधण्यात घालविली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. म्हणून आज तीच आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

डेव्हिडचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंड देशातील ब्लँटायर गावी झाला. तेथे क्लाइड नदीच्या काठी सुताची गिरणी होती, आणि गिरणीच्या चाळीतील एका खोलीत आईबाप व पाच मुले राहत असत. बाप चहा विकीत असे व रविवारच्या शाळेत शिकवीत असे. घरात देवाचे भय होते, पैसा मात्र नव्हता. म्हणून १८२३ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, डेव्हिड गिरणीत लागला. यंत्रावरील धागा तुटला की तो सांधावयाचा, हे त्याचे काम. सकाळी सहा वाजता काम सुरू होई आणि रात्री आठ वाजता सुटका होई.

पहिल्या आठवड्याची मजुरी हाती आली तेव्हा ह्या मुलाने काय केले? बहुतेक पैसे आईस दिले, आणि काही पैशांचे लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले. त्या काळी तिकडे वैद्यकाचा व इतर शास्त्रांचा दरवाजा लॅटिन भाषेवाचून उघडत नसे. गिरणीच्या मालकांनी रात्रीची शाळा ठेविली होती. आठ वाजता यंत्रापासून सुटलेला मुलगा दहा वाजेपर्यंत त्या शाळेत बसे, आणि घरी येऊन मध्यरात्रीपर्यंत वाचीत राही. शेवटी आई उठून त्याच्या हातातील पुस्तक काढून घेई. दिवसा तो यंत्राच्या चौकटीवर पुस्तक उघडे ठेवी. येताजाता एकेक वाक्य दृष्टीस पडे, तेवढेच तो मनात घोळवी. यंत्रांच्या खडखडाटात वाचण्याची ही सवय पुढे आफ्रिकेत फार उपयोगी पडली. सभोवती माणसे नाचत-गात असली तरी त्यांस लिहिता-वाचता येत असे.

बापाची इच्छा अशी की मुलाने केवळ धर्मपुस्तके वाचावी. डेव्हिडला शास्त्रीय ग्रंथांची व प्रवासवर्णनांची गोडी. ह्यावरून एकदा त्याने मारही खाल्ला. पुढे टॉमस डिक नामक लेखकाचे ग्रंथ त्याच्या हाती आले. त्यांत सृष्टीचे ज्ञान व देवावरील विश्वास एकमेकांचे वैरी नाहीत असे दाखविलेले होते. तेव्हा त्याच्या मनाची ओढाताण थांबली. सुमारे १८३४ साली चीन देशात वैद्य मिशनरी पाहिजेत अशी गुट्झलाफ नामक मिशनऱ्याची विनंती त्याच्या वाचनात आली, आणि आपण वैद्य होऊन चीनास जावयाचे असे त्याने ठरविले.

इच्छा झाली, पण पैसा कोठून यावा? एव्हाना ते सूत कातणारे मोठे कामगार झाले होते. काम कष्टाचे, पण मजुरी बरी. उन्हाळ्यात गिरणीत राबावयाचे, मजुरी शिल्लक टाकावयाची, आणि हिवाळ्यात त्या शिलकेवर ग्लासगो शहरी शिकावयाचे, असा त्यांनी क्रम धरिला. १८३६ सालच्या हिवाळ्यात बाप व मुलगा बर्फ तुडवीत ग्लासगोस पायी गेले, आणि दिवसभर हिंडून आठवड्यास दोन शिलिंग भाड्याची खोली त्यांनी मिळविली. तेथे त्यांचा चहा व साखर चोरीस जाऊ लागली, तेव्हा अर्धा शिलिंग अधिक देऊन त्यांनी दुसरी खोली घेतली. काटकसर म्हणजे केवळ स्वस्त ते घेणे नव्हे, हे त्यांस लवकर कळले. अँडरसन कॉलेजात ते वैद्यक शिकले, आणि त्याबरोबर ग्रीक भाषा व धर्मज्ञान ह्यांचाही अभ्यास केला. हे सर्व कोणाच्या पैच्याही मदतीवाचून झाले, ह्याचे त्यांस पुढे समाधान वाटे.

१८३८ साली लंडन मिशनरी सोसायटीने त्यांस उमेदवार म्हणून घेतले व शिक्षणासाठी ऑंगर गावी ठेविले. आमच्या सुवार्तिक बंधूंस ऐकून धीर येईल की, ह्या थोर पुरुषास प्रारंभी उपदेश करिता येत नसे. एकदा शास्त्रातील वचन वाचून झाल्यावर पाठ केलेला सगळा उपदेश ते विसरले, आणि व्यासपीठावरून उतरून निघून गेले! त्यांस परत पाठवावे असेही शिक्षकांच्या मनात आले होते; तथापि त्यांस आणखी अवधी देण्यात आला.

इतक्यात १८३९ साली इंग्रज व चीन ह्यांच्यामध्ये अफूचे युद्ध जुंपले. चीनचा दरवाजा बंद झाला. ज्या देशासाठी त्यांनी इतकी वर्षे पै-पै जमविली तो देश हातचा गेला. पौल प्रेषितास बिथुनियास जावयाचे होते, परंतु वाट अडली आणि तो मासेदोनियास गेला, हे वाचकांस आठवत असेल. तसेच येथे घडले. दक्षिण आफ्रिकेतील मिशनरी रॉबर्ट मॉफट त्या वेळी इंग्लंडात आले होते. त्यांच्या तोंडून त्या देशाची हकिकत ऐकून लिव्हिंग्स्टन ह्यांनी आपले तोंड तिकडे वळविले. वैद्यकाची परीक्षा उतरून, दीक्षा घेऊन, ८ डिसेंबर १८४० रोजी ते जहाजात बसले.

तर मग चीनसाठी बांधलेली शिदोरी फुकट गेली काय? मुळीच नाही. जहाजावर त्यांनी कप्तानाच्या पाठीस लागून चंद्र व तारे पाहून आपले ठिकाण काढण्याची विद्या शिकून घेतली. जुलै १८४१ मध्ये कुरुमान येथे पोहोचल्यावर लवकरच ते हल्लीच्या बोत्स्वाना देशातील लेपेलोले ह्या ठिकाणी गेले, आणि सुमारे सहा महिने गोऱ्या माणसाचे तोंड न पाहता बाक्वेना लोकांमध्ये राहून त्यांची भाषा शिकले. लॅटिन शिकताना जडलेला अभ्यासाचा स्वभाव येथे कामास आला. पुढे झांबेझी नदीकडील माकोलोलो लोक भेटले, तेव्हा त्यांची भाषाही ह्याच भाषेची बहीण निघाली, आणि दुभाष्यावाचून मने मिळाली.

१८५३ साली ह्याच माकोलोलो लोकांच्या मुलखातील २७ माणसांसह ते पश्चिम किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा बरोबर फार थोडे सामान घेतले: थोडा चहा, साखर व कॉफी, काही मणी, चार कपडे, औषधे, लहानसा तंबू, तारे पाहण्याचे यंत्र, पंचांग व बायबल. ओझे जितके कमी तितका प्रवास सुखाचा, असे त्यांचे मत होते. मे १८५४ मध्ये ते लुआंडास पोहोचले, आणि तेथून मागे फिरून मे १८५६ मध्ये पूर्व किनाऱ्यास लागले.

परंतु चरित्र सांगावयाचे तर सत्य सांगितले पाहिजे. ह्याच प्रवासात झांबेझीच्या एका मोठ्या वळणावर ते जवळच्या वाटेने जमिनीवरून गेले, आणि तेथील केब्राबासा नामक खडकाळ प्रवाह त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही. १८५८ साली सरकारी मोहिमेचे पुढारी होऊन, आगबोट घेऊन ते आले, तो नेमकी तेथेच वाट बंद! मोहीम फसली. १८६२ साली त्यांची पत्नी मेरी त्याच नदीकाठी तापाने वारली, आणि पुढे सरकारने मोहीम परत बोलाविली. सतरा वर्षांची तयारी करणाऱ्या मनुष्याने एक वळण पाहिले नाही, त्याची किंमत केवढी पडली!

आता आमच्या प्रांताचा संबंध येतो. १८६४ साली त्यांनी आपली लहान आगबोट स्वतः चालवून झांझिबारहून मुंबईस आणिली. सुमारे २,५०० मैल समुद्र, आणि खलाशी अगदी थोडे. चोवीस वर्षांपूर्वी कप्तानाजवळ शिकलेली विद्या येथे जिवास जीव झाली. आगबोट मुंबईत विकून आलेले २,३०० पौंड ज्या पेढीत ठेविले ती बुडाली. पैसा गेला, विद्या उरली.

त्या काळी नाशिकजवळ शरणपूर येथे, गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुले मिशनच्या आश्रयास राहून लिहिणे-वाचणे व हातचा धंदा शिकत असत. १८६६ साली शेवटच्या प्रवासास निघताना डॉक्टरांनी त्यांपैकी नऊ तरुण बरोबर घेतले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविलेला चुमाही त्यांच्याबरोबर होता. नाशिकचे आणखी काही तरुण १८७२ साली त्यांस मिळाले; त्यांत जेकब वेनराइट होता. मे १८७३ मध्ये चितांबो नामक सरदाराच्या गावी डॉक्टर झोपडीत वारले. सुसी, चुमा व त्यांचे सोबती ह्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरिले, तेव्हा प्रेतविधीचे वाचन जेकबाने केले, झाडावर नाव कोरिले, आणि सामानाची यादी लिहून ठेविली. मग त्या विश्वासू माणसांनी मृतदेह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास आणिला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडन शहरी वेस्टमिन्स्टर ॲबे येथे त्याचे दफन झाले, त्या वेळी जेकब तेथे हजर होता. शरणपूरच्या शाळेत अक्षरे गिरविणाऱ्या मुलास, ही अक्षरे आपणास कोठे कामास येतील हे कोणी सांगितले होते काय?

प्रिय वाचकहो, आपल्या खेड्यांतील किती तरी तरुणांच्या मनात पुढे जाण्याची इच्छा असते. कोणास शिक्षणासाठी शहरी जावयाचे असते, कोणास दूरच्या लोकांत सेवेस जावयाचे असते. पैसा नाही, वेळ नाही, असे म्हणून ते बसून राहतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, मजुरीतून थोडे शिल्लक टाकावे, रोज एक पान वाचावे, ज्या लोकांत जावयाचे त्यांची भाषा आजपासून शिकावी, आणि वाटेतील कोणतेही वळण पाहिल्यावाचून सोडू नये. आपण चीन म्हणू आणि देव आफ्रिका दाखवील. पण ज्याची शिदोरी तयार आहे त्यास दोन्हीकडे जाता येते. आईबापांनीही रात्री दिव्यापाशी वाचीत बसलेल्या मुलास रागे भरण्यापूर्वी क्षणभर विचार करावा.